उसानं बांधलेलं कॉलेज

१ जून २०१७. सेकंड इयरचा एक पेपर राहिला होता. सकाळी मेसमध्ये गेलो तर चहा कोरा. मेसवाल्या काकांनी मला दारातच गाठलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "या पुणतांबेकर. तुमच्या गावानं दूध बंद केलंय ना, मग प्या आता कोरा."

सगळी मेस हसली. मीही हसलो. गावाचं नाव एवढ्या मोठ्यानं कुणी घेतलंय असं तोपर्यंत कधी घडलं नव्हतं. फोनवर व्हिडिओ येत होते. रस्त्यावर ओतलेलं दूध, अडवलेले टेम्पो, डांबरावर पसरलेला भाजीपाला. एका चॅनलवर आमच्या वेशीजवळचं ओळखीचं दुकान दिसलं आणि मी रूममेटला उगाचच कोपर मारून दाखवलं.

चहा पिऊन नोटीस बोर्डापाशी गेलो. बोर्डावर चार कागद होते. हॉस्टेलच्या खोल्या रिकाम्या करण्याची तारीख, फायनल इयरसाठी येणाऱ्या एका कंपनीची सूचना, टर्मवर्क सबमिट न केलेल्यांची यादी आणि कुणाचा तरी हरवलेला कॅल्क्युलेटर. आमच्या वर्गातली निम्मी पोरं दूध घालणाऱ्या किंवा ऊस लावणाऱ्या घरांतली होती. आपल्या घरी चाललेल्या गोष्टीबद्दल बोर्डावर काही असायला हवं, असं तेव्हा मलाही वाटलं नाही. ते वाटायला वर्ष गेलं. त्याचं कारण पुढे येईलच.

पुणतांबा तुम्हाला ठाऊक असेल तर बहुधा त्या संपामुळेच. त्याआधी लोक आम्हाला रेल्वेमुळे ओळखायचे. दौंड-मनमाड मार्गावरचं स्टेशन, २००९ साली इथूनच शिर्डीचा फाटा निघाला. त्याच्याही आधी चांगदेवांमुळे. गोदावरीच्या काठी त्यांची समाधी आहे, अहिल्याबाईंनी बांधलेला घाट आहे. ज्ञानेश्वरांना पत्र लिहायचं तर मायना काय घालावा हे न सुचल्यानं ज्यांनी कोराच कागद पाठवला, ते हे चांगदेव. म्हणजे कोरेपणाचा विनोद आमच्या गावाच्या खात्यावर आधीपासूनच जमा आहे, मेसवाल्या काकांना त्याची कल्पना नसावी.

एप्रिल २०१७ मध्ये पुणतांब्याच्या ग्रामसभेनं ठराव केला की, १ जूनपासून शहराला दूध-भाजी पाठवायची नाही, नवी पेरणी करायची नाही. कर्जमाफी, हमीभाव, दुधाला दर अशा मागण्या होत्या. ३ जूनच्या पहाटे मुंबईत मुख्यमंत्र्यांशी चर्चा होऊन संप मागे घेतल्याचं जाहीर झालं. ते पुष्कळांना पटलं नाही आणि संप चालूच राहिला. ११ जूनला सरकारनं कर्जमाफी तत्त्वतः मान्य केली, २४ जूनला ३४ हजार कोटींची योजना जाहीर झाली. एवढं सगळं झालं. माझा पेपर मधल्या मध्ये होऊन गेला, बरा गेला.

आता त्या नोटीस बोर्डाकडे परत येतो. माझं कॉलेज नगर जिल्ह्यातलं, साखर कारखान्याच्या शेजारचं. नाव सांगत नाही, कारण पुढे थोडी कुरकुर आहे. आणि नावानं फार फरकही पडत नाही. या पट्ट्यातल्या अशा सगळ्या कॉलेजांची जन्मकथा जवळपास एकच आहे. ती पुण्यात सुरू होते.

१८५४ साली पुण्यात इंजिनिअरिंगचा एक वर्ग आणि मेकॅनिकल स्कूल निघालं. हेतू अगदी साधा होता, सरकारच्या बांधकाम खात्याला हाताखालची शिकलेली माणसं हवी होती. पुढे त्याचं कॉलेज झालं, मुंबई विद्यापीठाशी जोडलं गेलं, मग 'कॉलेज ऑफ सायन्स' आणि १९११ पासून 'कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग'. आज आपण ज्याला सीओईपी म्हणतो ते हेच. याच कॉलेजात १८७९ मध्ये शेतीचा वर्ग सुरू झाला होता. म्हणजे पूल बांधायला शिकणारी पोरं आणि पीक घ्यायला शिकणारी पोरं एकाच कॉलेजात होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात शेतीचं कॉलेज वेगळं निघालं. प्रशासनाच्या दृष्टीनं बरोबरच असेल. पण ही वाटणी वाचताना मला घरातल्या दोन भावांच्या वाटणीसारखं काहीतरी वाटलं होतं.

१८८३ साली तिथून मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नाशिकला रुजू झाले. इंजिनिअर्स डेला आम्ही त्यांच्या फोटोला हार घालायचो आणि भाषणात कृष्णराजसागर धरण यायचं. आमच्या रानाशी त्यांचा संबंध आहे हे कुणी सांगितलं नाही. तो असा. १८९६ ते १९०० मधल्या दुष्काळांनी दख्खन होरपळला, त्यानंतर सरकारनं कालव्यांवर जोर दिला. नांदूर मधमेश्वरचा बंधारा आणि दारणा धरण विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत उभं राहिलं, गोदावरीचे दोन्ही कालवे वाहू लागले. १९२६ पर्यंत भंडारदरा पुरं होऊन प्रवरेचे कालवेही आले. पण एक अडचण होती. पाऊस बरा झाला की शेतकरी बाजरी-ज्वारीला कालव्याचं पाणी घेत नसे, आणि पाणीपट्टी जमली नाही तर कालव्याचा खर्च निघत नसे. बारमाही पाणी पिणारं, रोख पैसा देणारं पीक हवं होतं. ऊस तसा होता. पण सगळ्यांनी उसच लावला तर कालवा पुरा पडत नाही आणि जमीन चिबडते. विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यासाठी जी ब्लॉक पद्धत सुचवली ती या पेचावरचा उपाय होता: पाणी ठरावीक पट्ट्यांना द्यायचं, त्या पट्ट्यात ऊस एका हिश्शात आणि बाकी हिश्शात दुसरी पिकं, फेरपालट करत.

थोडक्यात, इंजिनिअरनं पाट आणला आणि पाटानं ऊस आणला.

उसामागून कारखाने आले. १९३२ मध्ये साखरेला आयातीपासून संरक्षण मिळालं आणि खासगी गिरण्यांना भरती आली. आमच्या गावाला लागून चांगदेव शुगर मिल होती, तिच्यावरून चांगदेवनगर हे नाव पडलं. पलीकडे साकरवाडीला करमशीभाई सोमय्यांची गोदावरी शुगर मिल, १९३९ची. मुंबईत विद्याविहारला उतरून सोमय्या इंजिनिअरिंग कॉलेजात जाणाऱ्या माझ्या एका मित्राला मी सांगितलं की तुझ्या कॉलेजच्या घराण्याचा पैसा आमच्याकडच्या उसातून उभा राहिलाय, तर त्याला खरं वाटेना. शेवटी त्याला नकाशा काढून दाखवला.

या गिरण्यांत शेतकरी ऊस देणारा, दर ठरवणारा दुसराच. त्यावर लोणीत उत्तर निघालं. फारसं न शिकलेले विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा करत होते आणि त्यांच्यासोबत पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ होते, जे पुढे कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९५०च्या अखेरीस प्रवरानगरला पहिला गळीत हंगाम लागला. ही जोडी मला फार आवडते. एकाला जमीन कळत होती, दुसऱ्याला ताळेबंद. दोघांनी एकमेकांना आपलं शिकवलं असणार. महाराष्ट्रातली एक खरीखुरी इंजिनिअरिंगची प्रयोगशाळा तीच म्हणायची, फक्त तिथे लेथ नव्हतं.

मग आलं १९८३. इथे जरा थांबू.

तोवर महाराष्ट्रात इंजिनिअर व्हायचं तर जागा मोजक्या. पुणं, मुंबईचं व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद, मग कराड, औरंगाबाद, नागपूर, अमरावती, नांदेड. ज्यांच्याकडे पैसे होते ते देणगी भरून कर्नाटकात जायचे. आपल्या पोरांचा पैसा परराज्यात का जावा, हा प्रश्न साखर पट्ट्यात रोज विचारला जात होता. फेब्रुवारी १९८३ मध्ये वसंतदादा पाटील पुन्हा मुख्यमंत्री झाले. स्वातंत्र्यलढ्यात सांगलीचा तुरुंग फोडून पळताना गोळी खाल्लेले, स्वतः फार न शिकलेले, सांगलीचा कारखाना उभा केलेले दादा. त्यांच्या सरकारनं विनाअनुदान तत्त्वावर खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. सरकार पैसा देणार नाही, तुम्ही उभं करा.

पैसा कुणाकडे होता? कारखान्यांकडे. त्याच वर्षी लोणीला प्रवरा, कोपरगावला शंकरराव कोल्हे यांची संजीवनी, संगमनेरला भाऊसाहेब थोरातांची अमृतवाहिनी. एका जिल्ह्यात, एका वर्षात तीन, आणि तिन्हींच्या मागे साखर कारखाना. तिकडे वारणानगरला तात्यासाहेब कोरे यांच्या नावाचं, इस्लामपूरजवळ साखराळ्याला राजारामबापूंच्या नावाचं, तीही १९८३चीच. नाशिकला काकासाहेब वाघांच्या नावाचं १९८४मध्ये. पुण्यात एमआयटी, पीआयसीटी, व्हीआयटीही त्याच वर्षी निघाली, पण ती शहराची गोष्ट. विश्वेश्वरय्या बाहेर पडले त्याला बरोबर शंभर वर्षं झाली होती. पाटाच्या पाण्यावर पिकलेल्या उसानं आता स्वतःचे इंजिनिअर घडवायला घेतले होते.

उसाच्या बिलातून टनामागे काही रक्कम शिक्षणासाठी कापून घ्यायची पद्धत सहकारी कारखान्यांत होती. म्हणून अण्णा, म्हणजे माझे वडील, कुठल्याही कॉलेजसमोरून जाताना "यात आपल्याही उसाची एक वीट हाय" असं म्हणायचे. अर्धी गंमत, अर्धा हक्क. फी भरायच्या खिडकीवर मात्र ती वीट वळती करून घेत नाहीत.

सुरुवातीच्या दिवसांबद्दल मला आमच्या वर्कशॉपमधल्या मामांनी सांगितलं. तेव्हा ते निवृत्तीला आले होते. त्यांची पहिली नोकरी कारखान्यात हंगामी, मग कॉलेजात हेल्पर. पहिली बॅच आली तेव्हा वर्ग पत्र्याच्या शेडमध्ये भरायचे आणि लेथवरचं काम बघायला पोरांना कारखान्याच्या वर्कशॉपात न्यायचे. हॉस्टेल नव्हतं, पोरं शेतकऱ्यांच्या घरांत खोल्या करून राहायची. बिहार-उत्तर प्रदेशाकडून आलेल्या पोरांना भाकरी खायला आपण शिकवलं, असं मामा छाती काढून सांगत. तासाची घंटा कॉलेजची होती, पण घड्याळ लावायचे सगळे कारखान्याच्या भोंग्यावर. गॅदरिंगही गळीत हंगाम बघून. चेअरमनला वेळ पाहिजे आणि ट्रॅक्टर रस्त्यावर कमी पाहिजेत.

भोंगा आमच्या वेळीही होता. हिवाळ्यात दोरीवर वाळत घातलेल्या शर्टावर बगॅसची काजळी पडायची आणि मळीचा वास पहिल्या सेमिस्टरला डोकं उठवायचा, तिसऱ्याला जाणवायचाही नाही. चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढणं हा आमच्या हॉस्टेलचा क्रीडाप्रकार होता. शेतकऱ्याची पोरं ऊस चोरायची म्हणजे काय ते तुम्हीच ठरवा.

हॉस्टेलच्या मागच्या भिंतीला लागून दर वर्षी दिवाळीच्या सुमारास कोप्या पडायच्या. बीडकडून, पाथर्डीकडून आलेली ऊसतोड कामगारांची कुटुंबं. पहाटे चार वाजता आम्ही सबमिशन लिहीत जागे असायचो तेव्हा भिंतीपलीकडे चुली पेटायच्या, गाड्या जुंपल्या जायच्या. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा तिथला हिशेब. मोठी मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन कोपीपाशी थांबायची. आमचं एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर असायचं, आम्ही बसनं दूरच्या एका गावात जाऊन रस्ता झाडायचो, पथनाट्य करायचो. भिंतीपलीकडे चार वर्षांत एकदाही गेलो नाही. मी त्या शिबिराचा ग्रुप लीडर होतो, सर्टिफिकेट आहे घरी.

टनामागे कापलेल्या पैशातून कॉलेज झालं, हे अण्णांचं म्हणणं खरं आहे. पण तो टन तोडला कुणी, हे त्या विटेवर कधी आलं नाही.

देणगीचाही इतिहास आहे. तो लवकर आटोपतो, कारण माहितीचा आहे. कॉलेजं उभी राहायला पैसा लागत होता आणि तो प्रवेशाच्या दारातून येऊ लागला. १९८७ मध्ये राज्यानं कॅपिटेशन फीवर बंदीचा कायदा केला. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उन्नीकृष्णन खटल्यात फ्री सीट आणि पेमेंट सीट अशी विभागणी घालून दिली, २००२ मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात ती व्यवस्था बाजूला सारली. आमच्यापर्यंत ते सगळं ईबीसी या तीन अक्षरांत पोचलं. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आला तर निम्मी फी, नाही आला तर सगळी. अण्णांनी पहिल्या वर्षी सोसायटीच्या पीककर्जातून उरलेली फी भरली. कागदावर ते कर्ज कांद्यासाठी होतं. २०१७च्या कर्जमाफीचा फॉर्म भरायला मीच त्यांना घेऊन गेलो तेव्हा लक्षात आलं की रांगेत आम्ही जे माफ करून घ्यायला उभे होतो, त्यात माझं फर्स्ट इयरही होतं.

हे मला लिहावंसं वाटलं. कॉलेजचा वार्षिक अंक निघायचा, दोन पानांचा लेख दिला. ग्रामसभा, संप, कोरा चहा आणि रांग. अंकाचं काम बघणाऱ्या सरांनी तो नीट वाचला, दोन शुद्धलेखनाच्या चुका दाखवल्या आणि परत दिला. "चांगलं लिहिलंयस. पण राजकीय आहे." मी अंक आल्यावर उघडला. सुरुवातीच्या रंगीत पानांवर जेवढे फोटो होते त्यात निवडणूक न लढवलेला माणूस शोधावा लागला असता. पुढे प्लेसमेंट झालेल्यांचे फोटो, कंपनीच्या नावासह, पॅकेजसह. सर वाईट नव्हते. मला जर्नल पूर्ण करायला चार दिवस वाढवून देणारे तेच. त्यांच्या दृष्टीनं कॉलेजची बातमी म्हणजे कोण कुठे लागलं ती. आणि खरं सांगायचं तर ती बातमी सगळ्यात आधी आमच्याच घरचे वाचायचे. अण्णांनी दोन वर्षांनी माझा फोटो असलेलं पान लॅमिनेट करून घेतलं.

फायनल इयरला लायब्ररीच्या मागच्या खोलीत जुने प्रोजेक्ट रिपोर्ट चाळायचं काम पडलं. फॉरमॅट बघायला गेलो होतो, दोन दुपारी तिथेच बसलो. काळ्या रेक्झिनच्या बायंडिंगवर सोनेरी अक्षरं. सुरुवातीच्या वर्षांचे रिपोर्ट टाइप केलेले, आकृत्या हातानं काढलेल्या. कारखान्याच्या बॉयलरची कार्यक्षमता. गोबरगॅसवर चालणारं इंजिन. विहिरीवरच्या पंपाची वीज कशी वाचेल. ऊस लावायचं यंत्र, ज्याच्या शेवटच्या पानावर प्रामाणिकपणे लिहिलं होतं की ओल्या रानात ते रुतलं. मग वर्षं पुढे सरकतात तशी बायंडिंगं निळी होतात, नावं बदलतात. लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम. ऑनलाइन परीक्षा. हॉटेल बुकिंग. चाट बॉट. आमच्या आसपास कुठे हॉटेल होतं, जे ऑनलाइन बुक करावं?

मी हसत होतो, पण माझाही प्रोजेक्ट चेहरा ओळखून हजेरी लावणारा होता. प्रदर्शनाच्या दिवशी अण्णा आले. लॅपटॉपसमोर उभे राहिले, त्यांच्या चेहऱ्याभोवती हिरवा चौकोन आला, खाली 'अनोळखी' अशी पाटी. डेटाबेसमध्ये नव्हते ना. ते खूश झाले. बराच वेळ बघून म्हणाले, "भारी हाय. पाटाला पाणी कधी सुटंल ते सांगतं का?"

तो प्रश्न मी अजून सोडवलेला नाही. हिंजवडीत बसून एका परदेशी विमा कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळतो, चांगला पगार आहे, त्यातूनच घरचं सोसायटीचं कर्ज फिटलं. ज्या पोरांबरोबर ऊस ओढला त्यातली बहुतेक याच रस्त्याच्या ट्रॅफिकमध्ये कुठेतरी असतात. १९८३ मध्ये ज्यांनी पैसा घातला त्यांच्या डोळ्यांसमोर नेमकं काय होतं, पोरं परत येतील की पोरं सुटतील, हे मी मामांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "पोरगं नोकरीला लागावं, दुसरं काय आसतंय?"

आमचं रान चारीच्या टेलला आहे. वरचे भिजल्याशिवाय खाली पाणी येत नाही, आणि वरचे लवकर भिजत नाहीत. या रब्बीत आवर्तन सुटल्याचं पेपरात आलं, अण्णांनी सात नंबरचा अर्ज भरला, हरभरा फुलोऱ्यात आला तरी चारी कोरडी. रात्री साडेदहाला फोन आला.

"कॉम्प्युटर समोर हाय का? दारणात किती हाय बघ बरं."

पाटबंधारे खात्याची रोजची पीडीएफ उघडली. नाशिकच्या तक्त्यात दारणा शोधलं, आकडा वाचून दाखवला. पलीकडे थोडा वेळ शांतता, मागे कुत्रं भुंकत होतं.

"म्हंजे कागदावर हाय," अण्णा म्हणाले. "बरं. ठेव मग. मी चारीवर चक्कर मारून येतो."